साडेपासष्ट मासे

तार्तूत जानेवारीत उजेड नऊ वाजता कामावर येतो,
हेल्वी आठला.
कोट खुंटीला, बूट हीटरपाशी,
आणि रात्रभर जागून यंत्राने तपासलेले
अकरा लेख पडद्यावर.

यंत्राला चहा नाही, ओळखपाळख नाही.
मडकं घेताना टिचकी मारून ऐकावं
तसं ते एकेका आकड्याला टिचकी मारतं
आणि बद्द वाजलं की लाल रेघ ओढतं.
दुसऱ्या लेखात चौदावा संदर्भ केव्हाच मागे घेतलेला.
सहाव्यात आकृती तीन आणि आकृती पाच
सख्ख्या जुळ्या, एकीला नुसतं आडवं निजवलंय.
हेल्वी हसली. पत्रं लिहिली. बूट उलटे केले.

नववा लेख : पेइप्सी सरोवर, बर्फाखालचे पर्च मासे.
जाळी एकोणीस.
जाळ्यामागे सरासरी तीन पूर्णांक पंचेचाळीस.
लाल रेघ : ही सरासरी अशक्य.

तिने पेन्सिलीने करून पाहिलं, हट्टाने.
पासष्ट मासे धरले तर बेचाळीस येतात,
सहासष्ट धरले तर सत्तेचाळीस.
मधे जागाच नाही.
मासा असतो, नाहीतर नसतो.
पाणी कुठेतरी मुरत होतं.

मग लेखकाचं नाव वाचलं : काल्यू रेबाने.
विसाव्या वर्षी ह्याच माणसाने तिला
बर्फ ऐकायला शिकवला होता
कुऱ्हाडीचा दांडा आपटून.
असा वाजला तर चाल.
असा वाजला तर आडवी हो
आणि आलीस तशी सरपटत माघारी जा,
माझ्यासाठी थांबू नकोस.

नियमाप्रमाणे हा लेख दुसऱ्याकडे द्यायचा.
दुसरं कोणी नव्हतं.
तिने ठरलेला मजकूर काढला :
'महोदय, आमच्या स्वयंचलित तपासणीत...'
'महोदय' खोडलं.
थोड्या वेळाने परत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी फोन. मागे वारा.
"यंत्राचं बरोबर आहे," काल्यू म्हणाला, "माझंही.
साडेपासष्टच होते.
अकराव्या जाळ्यात फक्त शेपटीकडचा अर्धा.
डोक्याकडून पाणमांजराने खाल्ला.
पुरता लिहिला असता तर खोटं,
टाकून दिला असता तरी खोटंच की."

"मग तळटीप द्यायची."

"कुणाची? पाणमांजराची?"

संध्याकाळी वहीचा फोटो आला.
भिजून वाळलेलं पान, फुगलेलं,
अकरासमोर एक छेद दोन
आणि त्याच्या शेजारी, पुरावा म्हणून नव्हे,
सहज चिकटून राहिलेला एक खवला.

हेल्वीने तळटीप घातली. लेख पुन्हा यंत्रात सोडला.
लाल रेघ जिथल्या तिथे.
तळटिपा त्याला वाचता येत नाहीत,
आणि त्यात त्याचा काही दोष नाही.
खाली रिकामा चौकोन होता, त्यात तिने लिहिलं :
'पाहिलं. मासा अर्धाच होता.'

खिडकीखाली नदी. नाव एमायोगी,
आणि योग्यासारखीच थिजून बसलेली,
आत काय चाललंय त्याचा पत्ता लागू न देता.

राहिला दहावा लेख.
पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हिरवा.
तीन हिवाळे, चारशे बारा नोंदी,
एकही जाळं फाटलेलं नाही,
एकाही दिवशी वादळ नाही,
कुणाच्या बोटांना हिव लागून
सातचा एक झालेला नाही.
पुढे पाठवायला एक बटण पुरे होतं.
तिने दोनदा वाचला.
मग टेबलावर बोटाच्या पेराने
एकदा वाजवलं, उगाच,
आणि लिहिलं :
'कृपया मूळ वही पाठवावी.'

आज सोळावा दिवस.